रिपोर्टमधला आकडा वाचण्यापूर्वी

ब-१२ आणि ड ही दोन जीवनसत्त्वं आता महाराष्ट्रातल्या घराघरांत नावानिशी ओळखीची झाली आहेत. कुणाच्या पायांना मुंग्या येतात, कुणाचे केस गळतात, कुणी दुपारपर्यंतच थकून जातं. आणि शेजारी, नातेवाईक किंवा एखादी जाहिरात सांगते, ‘एकदा बी ट्वेल्व्ह आणि डी करून घ्या.’ फोन केला की सकाळी रक्त न्यायला माणूस घरी येतो आणि संध्याकाळी मोबाइलवर रिपोर्ट येतो. त्यात एखादा आकडा ठळक छापलेला असतो, शेजारी तो कमी असल्याची खूण असते. तिथून काळजी सुरू होते, औषधाच्या दुकानातून गोळ्या येतात आणि काही महिन्यांनी पुन्हा तपासणी होते. या सगळ्या धावपळीत तो आकडा नेमका कशाचा होता, हे विचारायचं बहुधा राहून जातं.

तो प्रश्न विचारता यावा यासाठी हे पुस्तक लिहिलं आहे. प्रयोगशाळेत रक्त तपासण्याचं काम करणाऱ्या माणसाला एक गोष्ट रोज दिसते: तोच आकडा एका माणसाच्या बाबतीत तातडीचा इशारा असतो आणि दुसऱ्याच्या बाबतीत त्याला फारसा अर्थ नसतो. फरक आकड्यात नसतो; माणसाच्या वयात, आहारात, आजारात, औषधांत आणि तक्रारींत असतो. म्हणून या पुस्तकाचं म्हणणं साधं आहे. आपल्याला नक्की काय जाणून घ्यायचं आहे हे ठरवून केलेली जीवनसत्त्वाची तपासणी उपयोगी पडते. काहीच न ठरवता केलेली तपासणी फक्त आकडे देते, आणि त्या आकड्यांतून कधी उगाच घबराट पसरते, तर कधी त्याहून वाईट म्हणजे खोटा दिलासा मिळतो.

तपासण्या नव्हत्या तेव्हाही जीवनसत्त्वांची कमतरता ओळखली जात होती. त्या इतिहासातल्या दोन महत्त्वाच्या गोष्टी आपल्याच भूमीवर घडल्या, आणि त्या इथे सांगायलाच हव्यात.

१९२८ साली लुसी विल्स या इंग्लिश डॉक्टर मुंबईत आल्या. गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर स्त्रियांना एक गंभीर प्रकारचा रक्तक्षय होत होता आणि त्यात अनेक जणी दगावत होत्या. या रक्तक्षयात तांबड्या पेशींची संख्या घटते, पण उरलेल्या पेशी नेहमीपेक्षा मोठ्या दिसतात. परळच्या हाफकिन संस्थेत काम करताना विल्स यांनी या स्त्रिया काय खातात, कशा राहतात याची बारकाईनं चौकशी केली. उंदरांवर आणि माकडांवर प्रयोग केले. शेवटी त्यांना आढळलं की यीस्टच्या अर्कानं, म्हणजे ‘मार्माइट’ या स्वस्त खाद्यपदार्थानं, हा रक्तक्षय बरा होतो. १९३१ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कातल्या अज्ञात घटकाला बरीच वर्षं ‘विल्स फॅक्टर’ म्हटलं जाई. तोच घटक पुढे फोलेट म्हणून ओळखला गेला, आणि १९४०च्या दशकात आंध्रातून अमेरिकेत गेलेले शास्त्रज्ञ येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या गटानं फॉलिक ॲसिड प्रयोगशाळेत तयार केलं. आज गरोदर बाईला सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळीमागे मुंबईच्या गिरणगावातलं हे संशोधन आहे.

दुसरी गोष्ट नाशिकची. मुडदूस, म्हणजे मुलांची हाडं मऊ होऊन वाकण्याचा आजार, खाण्यातल्या उणिवेमुळे होतो की ऊन न मिळाल्यामुळे, असा वाद त्या काळी जगभर चालू होता. हचिसन आणि शहा या डॉक्टरांनी नाशिकमध्ये केलेली पाहणी १९२२ साली प्रसिद्ध झाली. त्यांना दिसलं की गोषा पाळणाऱ्या सुखवस्तू घरांत, जिथे खाण्यापिण्याची ददात नव्हती, तिथेच हा आजार आढळत होता. उघड्यावर राबणाऱ्या गरिबांची मुलं निकृष्ट अन्न खाऊनही त्यातून बरीचशी वाचत होती. या आजारात उन्हाचा वाटा मोठा आहे, हे समजायला अशा पाहण्यांचा उपयोग झाला.

या दोन्ही कामांत जीवनसत्त्वाचा एकही आकडा नव्हता. तो मोजण्याची सोयच नव्हती. पण प्रश्न नेमके होते: कोण आजारी पडतं, ते काय खातं, कुठे राहतं, अंगावर ऊन पडतं का, गरोदरपण आहे का. आज आपल्याकडे उत्तम यंत्रं आहेत, मात्र हे प्रश्न विचारायला वेळ उरलेला नाही. ही उलटापालट दुरुस्त व्हायला हवी.

आता रक्तात नक्की काय मोजलं जातं ते पाहू. जीवनसत्त्वाचा साठा बहुतेक वेळा रक्तात नसतो. अ जीवनसत्त्व आणि ब-१२ यांचा मोठा साठा यकृतात असतो, ड जीवनसत्त्व चरबीत मुरलेलं असतं. रक्तातून त्यांची फक्त ने-आण होते. रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्या मोजल्या म्हणून कणगीत किती धान्य शिल्लक आहे ते कळतंच असं नाही. अ जीवनसत्त्वाच्या बाबतीत हे स्पष्ट दिसतं. यकृत आपला साठा रिता करत रक्तातली पातळी टिकवून धरतं, त्यामुळे साठा बराच खालावेपर्यंत रिपोर्ट चांगला येतो. उलट अंगात ताप किंवा जंतुसंसर्ग असेल तर साठा भरपूर असूनही रक्तातली पातळी तात्पुरती घसरते. म्हणून आजारपणात केलेल्या अशा तपासणीवरून लगेच निष्कर्ष काढू नये.

प्रत्येक जीवनसत्त्वाची तऱ्हा वेगळी. रक्तद्रवातलं फोलेट गेल्या काही दिवसांचं खाणं सांगतं; दोन-तीन दिवस पोटभर पालेभाजी खाल्ली तरी ते वाढतं. तांबड्या पेशींतलं फोलेट गेल्या तीन-चार महिन्यांची हकिगत सांगतं, कारण एक पेशी साधारण १२० दिवस जगते. ई जीवनसत्त्व रक्तातल्या चरबीबरोबर फिरतं, म्हणून कोलेस्टेरॉल जास्त असलेल्या माणसात ते उगाचच जास्त दिसतं. ते चरबीच्या प्रमाणात वाचावं लागतं. के जीवनसत्त्व थेट मोजण्यापेक्षा रक्त गोठायला किती वेळ लागतो ते पाहणं अधिक उपयोगाचं. क जीवनसत्त्व इतकं नाजूक की नमुना बर्फात ठेवून लगेच त्यावर प्रक्रिया केली नाही तर ते नळीतच नष्ट होतं. दूरच्या गावातून कुरिअरनं आलेल्या नमुन्यात ते कमी दिसलं, तर दोष माणसाच्या आहाराचा की प्रवासाचा, हे सांगता येत नाही.

पुस्तकाचा सर्वांत मोठा भाग ब-१२ साठी दिला आहे, आणि त्याला कारण आहे. हे जीवनसत्त्व वनस्पती तयार करत नाहीत. ते सूक्ष्मजीव तयार करतात आणि आपल्यापर्यंत दूध, अंडी, मासे आणि मांस यांतून येतं. स्पिरुलिना या शेवाळासारख्या पदार्थात जे सापडतं ते बरंचसं ब-१२ सारखं दिसणारं पण शरीराला निरुपयोगी असं रसायन असतं. शाकाहारी माणसाचा भरवसा म्हणजे दूध-दही. ते परवडत नसेल, किंवा दिवसभरात चहात पडेल तेवढंच दूध पोटात जात असेल, तर गरज भागत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी या विषयावर जगानं दखल घ्यावी असं काम केलं आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाहणीत पुण्यातले आणि आसपासच्या खेड्यांतले मध्यमवयीन पुरुष तपासले गेले, आणि सुमारे दोन तृतीयांश जणांमध्ये ब-१२ कमी आढळलं. सर्वाधिक कमतरता शहरी मध्यमवर्गात होती. हे पोटाला चिमटा काढून जगणारे लोक नव्हते.

कमतरता एवढी पसरलेली आहे, तर सर्वांनी लगेच तपासणी करावी का? इथेच आकड्याचा स्वभाव समजून घ्यावा लागतो. नेहमीच्या तपासणीत रक्तातलं एकूण ब-१२ मोजतात. पण त्यातला सुमारे ८० टक्के भाग ज्या प्रथिनाला चिकटलेला असतो, त्याच्याकडून तो बहुतेक पेशींना मिळत नाही. प्रत्यक्ष पेशींकडे जातो तो उरलेला पाचवा हिस्सा. म्हणून एकूण आकडा फार कमी असेल तर कमतरता जवळपास नक्की, चांगला जास्त असेल तर ती असण्याची शक्यता कमी, आणि मधल्या पट्ट्यात मात्र तो मुका असतो. हा मधला पट्टा बराच रुंद आहे. आपल्याकडच्या अनेक लॅब दर मिलिलिटरला २०० पिकोग्रॅम ही रेषा धरतात. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेनं मार्च २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात १८० च्या खाली कमतरता, ३५० च्या वर कमतरता संभवत नाही, आणि १८० ते ३५० हा अनिश्चित भाग असं सांगितलं आहे. म्हणजे २१० आला म्हणून ‘नॉर्मल’ समजून निश्चिंत होणं आणि १९५ आला म्हणून घाबरणं, दोन्ही चूक.

अनिश्चित भागात असलेल्या माणसासाठी पुढच्या तपासण्या आहेत. ब-१२ कमी पडलं की शरीरातली दोन कामं अडतात आणि दोन पदार्थ साचू लागतात: मिथाइलमलोनिक ॲसिड आणि होमोसिस्टीन. हे वाढलेले असतील तर पेशींना ब-१२ खरोखर कमी पडत आहे असं म्हणता येतं. त्यांनाही अटी आहेत. मूत्रपिंड मंदावलं असेल तर दोन्ही वाढतात. होमोसिस्टीन फोलेटच्या कमतरतेतही वाढतं, आणि रक्त काढल्यावर ते बर्फात ठेवून लवकर वेगळं केलं नाही तर पेशींतून झिरपून आकडा फुगतो. मात्र या अटी माहीत असलेला डॉक्टर त्यांतून बरंच काही वाचू शकतो.

ब-१२ बद्दलची सर्वांत महत्त्वाची सूचना रिपोर्टवर छापलेली नसते. या कमतरतेत रक्तक्षय होतोच असं नाही. हिमोग्लोबिन उत्तम असलेल्या माणसाच्याही मज्जातंतूंना आणि मज्जारज्जूला इजा होऊ शकते. पायांना मुंग्या, तळपाय बधिर होणं, अंधारात चालताना तोल जाणं, विस्मरण, चिडचिड ही त्याची लक्षणं. आपल्याकडे लोहाची कमतरताही सर्रास असते. लोहाच्या कमतरतेमुळे पेशी लहान होतात, ब-१२ च्या कमतरतेमुळे मोठ्या, आणि दोन्ही एकत्र असल्या की सरासरी आकार ‘नॉर्मल’ छापून येतो. आणखी एक धोका फॉलिक ॲसिडचा. ब-१२ कमी असताना नुसतं फॉलिक ॲसिड दिलं तर रक्तक्षय सुधारतो, पण मज्जातंतूंची हानी आतून चालूच राहते. रक्त सुधारलं म्हणून सगळे निर्धास्त होतात आणि पायातलं बळ जात राहतं. ही हानी लवकर ओळखली तर भरून येते, उशीर झाला तर कायमची राहते. म्हणून लक्षणं स्पष्ट असतील तेव्हा रिपोर्टची वाट पाहत इंजेक्शन लांबवू नये. रक्ताचा नमुना आधी घेऊन ठेवावा आणि उपचार सुरू करावेत. क्रमही हाच हवा. आधी इंजेक्शनं घेऊन मग तपासणी केली तर आकडा प्रचंड येतो आणि मूळ स्थिती काय होती ते कधीच कळत नाही.

मग तपासणी कुणाची आधी व्हावी? वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणारे मधुमेही, कारण हे औषध ब-१२ चं शोषण कमी करतं. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या मार्गदर्शनातही त्यांची अधूनमधून तपासणी सुचवलेली आहे. आम्लपित्तासाठी रोज गोळी घेणारे. जठराची किंवा आतड्याची शस्त्रक्रिया झालेले. वयस्कर माणसं, कारण जठरातलं आम्ल कमी झालं की अन्नातलं ब-१२ सुटं होत नाही. दूधही न घेणारे पूर्ण वनस्पत्याहारी. आणि सर्वांत आधी गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या शाकाहारी माता. आईतच कमतरता असेल तर बाळाला दुधातून पुरेसं ब-१२ मिळत नाही. मोठ्या माणसाच्या यकृतात काही वर्षं पुरेल इतका साठा असतो, नवजात बाळाकडे तो तुटपुंजाच असतो. अशी बाळं काही महिन्यांत फिकट आणि सुस्त होतात, मान धरणं, हसणं अशा शिकलेल्या गोष्टी विसरतात, काहींचे हातपाय थरथरू लागतात. बालरोगतज्ज्ञांना हा आजार चांगला माहीत आहे. वेळेत ब-१२ मिळालं तर बाळ सुधारतं. उशीर झाला तर बुद्धीच्या वाढीवर त्याची खूण राहू शकते. एवढी स्वस्त, एवढी सोपी गोष्ट राहून जावी, याचं मला मनापासून दुःख होतं.

ड जीवनसत्त्वाची कथा वेगळी आहे. इथे तपासणी कमी होत नाही, फार जास्त होते. आधी कोणती तपासणी करायची ते. त्वचेत किंवा अन्नातून आलेलं ड यकृतात जाऊन २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी होतं. रक्तात ते दोन-तीन आठवडे टिकतं, म्हणून साठ्याचा अंदाज त्यावरून घेतात. मूत्रपिंडात तयार होणारं १,२५-डायहायड्रॉक्सी हे कामाचं रूप काही तासांतच नाहीसं होतं, आणि कमतरता असतानाही शरीर ते नेटानं बनवत राहतं, त्यामुळे ते नॉर्मल किंवा जास्तही येऊ शकतं. त्याची तपासणी महाग असते आणि काही ठरावीक आजार सोडले तर तिची गरज नसते.

आता रेषा कुठे ओढायची? अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिननं २०१० च्या अखेरीस सांगितलं की दर मिलिलिटरला २० नॅनोग्रॅम ही पातळी जवळपास सर्वांच्या हाडांना पुरते आणि १२ च्या खाली धोका असतो. लगेच पुढच्या वर्षी, २०११ मध्ये, तिथल्याच एंडोक्राइन सोसायटीनं २० च्या खाली कमतरता, २१ ते २९ अपुरं आणि ३० च्या वर पुरेसं अशी रेषा आखली. त्या एका वाक्यानं जगभरातली कोट्यवधी निरोगी माणसं ‘अपुरी’ ठरली. आपल्या लॅबचे रिपोर्ट आजही बहुधा हीच ३० ची रेषा छापतात. पण जून २०२४ मध्ये याच सोसायटीनं नवं मार्गदर्शन दिलं, ३० च्या रेषेला असलेला आपला पाठिंबा काढून घेतला आणि निरोगी प्रौढांची सरसकट तपासणी करू नये असं स्पष्ट सांगितलं. मधल्या काळात अमेरिकेत सुमारे २६ हजार लोकांवर ‘व्हायटल’ नावाचा मोठा अभ्यास झाला होता. सर्वसाधारण निरोगी प्रौढांना रोज २००० युनिट ड दिल्यानं कर्करोग, हृदयविकार किंवा हाड मोडणं यांचं प्रमाण कमी झालं नाही.

याचा अर्थ ड जीवनसत्त्व निरुपयोगी आहे असा मुळीच नाही. मुडदूस आजही होतो. बुरख्यात किंवा घरातच राहणाऱ्या बायका, अंथरुणाला खिळलेले वृद्ध, मूत्रपिंडाचे किंवा आतड्याचे रुग्ण, फिट्सची काही औषधं घेणारे, हाडं ठिसूळ झालेले, मांड्या आणि कंबर दुखून जिना चढता न येणारे, यांची तपासणी जरूर व्हावी आणि कमतरता भरून काढावी. अंगावर घेतलं जाणारं सकाळचं कोवळं ऊन मनाला बरं वाटतं, पण त्यात ड तयार करणारे अतिनील किरण फार थोडे असतात. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड पडते, त्या वेळचं ऊन त्यासाठी लागतं, आणि काचेच्या खिडकीतून आलेलं ऊन त्या कामी येत नाही. काळ्या-सावळ्या त्वचेला गोऱ्या त्वचेपेक्षा जास्त वेळ लागतो. हे नीट कळलं तर पुष्कळांना तपासणीआधीच उपाय सापडेल.

दुसरी बाजू औषधाच्या अतिरेकाची. आपल्याकडे ड जीवनसत्त्वाची ६० हजार युनिटची पुडी किंवा कॅप्सूल सहज मिळते. ती आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवडे घ्यायची असते. कुणी ती समजुतीच्या घोटाळ्यानं रोज घेतं, कुणी महिनोन्‌महिने चालू ठेवतं, कुणी सोबत इंजेक्शनंही घेतं. ड चरबीत साचतं, पटकन बाहेर पडत नाही. १५० नॅनोग्रॅमच्या वर पातळी गेली आणि रक्तातलं कॅल्शियम वाढलं की उलट्या, बद्धकोष्ठ, सतत तहान, वारंवार लघवी, गोंधळलेपण आणि मूत्रपिंडाला इजा, अशी मालिका सुरू होते. ‘जीवनसत्त्वच आहे, त्यानं काय होणार’ ही समजूत सोडायला हवी.

रेषांबद्दल आणखी दोन गोष्टी. बऱ्याच तपासण्यांची नॉर्मल मर्यादा ठरवताना निरोगी लोकांच्या आकड्यांतला मधला ९५ टक्के भाग घेतात. म्हणजे शंभरातले पाच निरोगी लोक व्याख्येनंच रेषेबाहेर पडतात. एकमेकांशी संबंध नसलेल्या २० तपासण्या एकदम केल्या, तर पूर्ण निरोगी माणसाचा एक तरी आकडा रेषेबाहेर जाण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के असते. ‘संपूर्ण शरीर तपासणी’च्या पॅकेजमध्ये तर पन्नास-साठ आकडे असतात. दुसरं असं की ज्या समाजात दोन तृतीयांश लोकांत ब-१२ कमी आहे, तिथल्या लोकांवरून नॉर्मल ठरवलं तर ते नॉर्मलच खालावलेलं निघेल. म्हणून जीवनसत्त्वांची रेषा कोणत्या पातळीखाली इजा सुरू होते त्यावरून ठरवावी लागते.

यंत्र आणि एकक यांचाही विचार हवा. पुण्यात ड नॅनोग्रॅममध्ये छापतात, लंडन-सिडनीत नॅनोमोलमध्ये. तिकडचे ५० म्हणजे इकडचे २०. परदेशातल्या मुलानं आपला रिपोर्ट पाठवला आणि आईवडिलांनी तो आपल्याशी ताडून पाहिला की उगाच गोंधळ होतो. एकाच लॅबमध्ये तेच रक्त दोनदा तपासलं तरी आकडा थोडा हलतो, आणि वेगळ्या पद्धतीच्या यंत्रावर जास्त हलतो. १८ आणि २२ यांत फरक आहे असं समजून आनंद किंवा दुःख करू नये. पुन्हा तपासायचं असेल तर त्याच लॅबमध्ये, आणि ड साठी निदान दोन-तीन महिने थांबून. ब-१२ च्या उपचारानंतर तर रक्तातला आकडा पुन्हापुन्हा पाहण्यापेक्षा हिमोग्लोबिन आणि तक्रारी सुधारतात का हे पाहणं शहाणपणाचं. लॅब एनएबीएलची मान्यता असलेली असावी, आणि आपली तपासणी त्या मान्यतेत येते का हेही विचारावं, कारण मान्यता प्रत्येक तपासणीला वेगवेगळी असते.

केस आणि नखांसाठी घेतल्या जाणाऱ्या बायोटिनच्या गोळ्यांचा उल्लेख मुद्दाम करतो. त्यांत ५ ते १० मिलिग्रॅम बायोटिन असतं. रोजची गरज सुमारे ३० मायक्रोग्रॅम, म्हणजे या गोळ्या शेकडो पट जास्त देतात. काही यंत्रांची रासायनिक पद्धतच बायोटिनवर आधारलेली असल्यानं रक्तातलं जादा बायोटिन तिच्यात गडबड करतं. त्यामुळे ड आणि ब-१२ खोटेच जास्त दिसू शकतात, थायरॉइडचा रिपोर्ट फसवू शकतो, आणि हृदयविकाराच्या झटक्यात वाढणारं ट्रोपोनिन खोटंच कमी येऊ शकतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१७ साली याबद्दल जाहीर इशारा दिला, त्यात अशा चुकीच्या ट्रोपोनिननंतर झालेल्या एका मृत्यूची नोंद होती. रक्त देण्यापूर्वी या गोळ्यांबद्दल लॅबला आणि डॉक्टरांना सांगितलंच पाहिजे.

पुस्तकाची मांडणी वाचकाच्या सोयीनं केली आहे. पहिल्या भागात नमुना, यंत्र आणि मर्यादा यांची माहिती आहे, दुसऱ्यात प्रत्येक जीवनसत्त्वाचं स्वतंत्र प्रकरण, तिसऱ्यात गरोदरपण, बालपण, म्हातारपण आणि मधुमेह अशा अवस्थांनुसार विचार. कुणाला फक्त आपल्या रिपोर्टपुरतं वाचायचं असेल तर ते प्रकरण स्वतंत्र वाचता येईल. आशाताई, परिचारिका आणि गावातले तरुण डॉक्टर यांनी तिसरा भाग आवर्जून वाचावा, अशी माझी इच्छा आहे. पुस्तक वाचून स्वतःच औषध ठरवावं असा हेतू नाही. डॉक्टरांशी बोलताना योग्य प्रश्न विचारता यावेत एवढाच आहे.

हे सगळं लिहिताना एक विषमता मनाला सतत बोचत राहिली. ज्याच्याकडे पैसा आहे तो निरोगी माणूस वर्षातून दोनदा ड मोजून घेतो. अंगावर पाजणारी शेतमजूर बाई, जिच्या घरात दूध फक्त चहापुरतं येतं, तिचं ब-१२ कुणी एकदाही पाहत नाही. वीस वर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्या आजोबांच्या पायांच्या मुंग्या ‘साखरेमुळे’ म्हणून सोडून दिल्या जातात. आपल्याकडे जीवनसत्त्वांच्या तपासण्या पुरेशा होतात. त्या योग्य माणसांच्या होत नाहीत, हा माझा ठाम निष्कर्ष आहे.

म्हणून वाचकांना विनंती एवढीच. रक्त देण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा: ही तपासणी कशासाठी, आकडा कमी आला तर काय करणार, चांगला आला तर काय बदलणार, आणि मी घेत असलेल्या औषधांचा तिच्यावर परिणाम होतो का? या प्रश्नांना समाधानकारक उत्तरं मिळाली तर तपासणी जरूर करा. मिळाली नाहीत तर ते पैसे दूध, अंडी, डाळी आणि पालेभाज्यांवर खर्च करा. आणि तुमच्या घरात गरोदर सून असेल, तान्हं बाळ असेल किंवा जुने मधुमेही असतील, तर ब-१२ बद्दल डॉक्टरांना आजच विचारा.